रीफ टँक, आठवडा ११ : वाळूवर तपकिरी, खडकावर हिरवं, आणि टँकरचं पाणी

माझ्या घरच्या रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ-माशांसाठीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, मागच्या अपडेटला डायटम (वाळूवर तपकिरी थर धरणारं सूक्ष्म शेवाळ) गेले म्हणून मी जरा जास्तच उड्या मारल्या होत्या, ते परत घेतो. वाळू पुन्हा तपकिरी झालीये आणि त्यात भर म्हणून डावीकडच्या खडकावर दोन-दोन इंचाचे हिरवे केस, म्हणजे केसाळ शेवाळ, लोंबतायत. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) सुरू झाला की मस्त डुलतात, घरी येणारा प्रत्येक पाहुणा नेमकं त्याचंच कौतुक करतो. आई म्हणाली, "अरे, हे तर आपल्या गावच्या विहिरीत फुकट आहे की."

नवीन मंडळींसाठी, टँक तीन फूट बाय दीड बाय दीड, खडक-वाळू वजा जाता पाणी साधारण १५० लिटर. खडक कोरडा घेतलाय, कारण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे आणि आपल्या समुद्रातून उचललेला लाइव्ह रॉक (जिवंत जीवजंतूंसकटचा खडक) कोणी कितीही "करून देतो" म्हटलं तरी मला नकोय. पण कोरड्या खडकाची गोम ही की त्याच्या भोकांत जुनं मेलेलं काय काय अडकलेलं असतं आणि तो महिनोन्महिने फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, सोडत बसतो.

तीन आठवडे मी टेस्ट किट बघून गोंधळलो होतो. फॉस्फेट ०.०२, नायट्रेट (हेही खतच) २. म्हणजे पाणी चकाचक, मग हे बेणं खातंय काय? ट्यूब उशिरा पेटली, तेच सगळं खाऊन बसलंय म्हणून किटला काही उरत नाहीये! त्यामुळे आकडा कमी आहे म्हणून खूश होऊ नका, आणि मी केलं तसं घाबरून मायसिस (माशांना घालायची गोठवलेली बारीक कोळंबी) घालणं बंद करून क्लाउन माशांच्या जोडीला उपाशी तर मुळीच मारू नका. आता पुन्हा घालतोय, फक्त आरओच्या पाण्यात वितळवून, चहाच्या गाळणीत धुवून.

रविवारी मग सरळ उपटायला बसलो. जुना टूथब्रश एअरलाइनपेक्षा (हवेच्या पंपाची नळी) थोड्या जाड पाइपला रबरबँडने असा बांधायचा की पाइपचं तोंड ब्रिसलच्या अगदी शेजारी येईल, म्हणजे घासलं की सुटलेला केस तिथल्या तिथे बादलीत जातो, टँकभर फिरून दुसरीकडे रुजत नाही. वीस टक्के पाणी बदलायचंच होतं, त्याच तीस लिटरात हे काम उरकलं. पिळून किचनच्या काट्यावर ठेवलं तर २४० ग्रॅम! (तो काटा आता कायमचा माझा झालाय, घरात दुसरा आणावा लागला.) मोबाइलच्या मॅक्रोत बघितलं, पिसासारख्या फांद्या नाहीत, साधे केस आहेत, म्हणजे ब्रायोप्सिस (पिसासारखं दिसणारं दुसरं हिरवं शेवाळ) नाही. फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) टाकून मोकळा हो असं दोघांनी सांगितलं, पण त्याने शेवाळ मरेल, खडकातला फॉस्फेट तिथेच राहील. सध्या नको.

आता वाळू. हिचा आणि केसांचा संबंध नाही हे कळायला मला दोन महिने लागले, मी दोन्हीला एकच औषध करत होतो. आमच्या उंड्रीच्या सोसायटीत मार्चपासून टँकर. आधी नळाला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १३० यायचा, आता ६१०. आरओनंतर २८, आणि डीआयनंतर (आरओनंतर उरलेले क्षार धरणारा रेझिनचा फिल्टर) चक्क ३. मी म्हटलं तीनने काय होतंय. तर होतं! रेझिन संपत आलं की सिलिका (डायटमचं खाद्य) सगळ्यात आधी सुटते, आणि तिच्यावर चार्ज जवळजवळ नसल्याने टीडीएस मीटरला ती धड दिसतही नाही. आपण बसलोय बेसाल्टवर, टँकरवाल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच. त्यात मे महिना, फॅन लावल्याशिवाय टँक २९ अंशांच्या खाली येत नाही आणि फॅन लावला की रोज तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, टॉपऑफमधून (उडालेल्या पाण्याची भरपाई म्हणून ओततो ते पाणी) आलेलं बाकी सगळं आत साठतं. म्हणजे आठवड्याला वीस लिटर डायटमचा खुराक मी स्वतःच्या हाताने ओततोय आणि वर विचारतोय की वाळू तपकिरी का पडते.

शनिवारी रेझिन बदललं, मीटर ०. लाइट दहा तासांवरून सात, त्यातला पांढरा उजेड (व्हाइट चॅनल) निम्मा. फॉस्फेट रिमूव्हर पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्माच टाकलाय, एकदम शून्य केलं तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, बुडबुडे धरणारा चिकट तपकिरी थर) येतात आणि त्यांच्यापेक्षा हे केस परवडले. सहा ट्रोकस (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी) सोडल्या, उलट्या पडल्या तरी आपल्या आपण सरळ होतात, ॲस्ट्रिया गोगलगायींसारखं रोज उठून पालथ्या घालत बसावं लागत नाही. लांब केसांना मात्र तोंड लावत नाहीत, घासून राहिलेली खुरटंच खातात.

आज मंगळवार. वाळू सकाळी पांढरी असते, संध्याकाळी पुन्हा हलकी तपकिरी, पण वर बुडबुडे धरत नाहीये, म्हणजे डायनो नसावेत. खडकाचं पुढच्या रविवारी बघू. संपमध्ये (टँकखालची फिल्टरची टाकी) कीटोमॉर्फा, म्हणजे खतं शोषून घेणारं मुद्दाम वाढवायचं शेवाळ, लावायचंय, पुण्यात कोणाकडे मूठभर जास्तीचं असेल तर सांगा, कोंढवा-हडपसर साइडला येऊन घेऊन जाईन. बदल्यात २४० ग्रॅम दुसरं शेवाळ आहे माझ्याकडे.