बसायची बिअर

सांगलीतला माझा एक मित्र फोन करून 'प्यायची का' असं कधी विचारायचा नाही, तो विचारायचा 'बसायचं का?' आणि मराठी माणसाला हा प्रश्न कुणी समजावून सांगावा लागत नाही. कुठं बसायचं, कशाला बसायचं, काही नाही, नुसतं बसायचं. त्यामुळं इकडं लंडनला आल्यावर एका कॅनवर पहिल्यांदा 'सेशन आयपीए' वाचलं तेव्हा मला त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. सेशनचा लॅटिनमधला मूळ अर्थसुद्धा बसणं हाच आहे. म्हणजे ही बसायची बिअर, आयपीए नावाच्या कडवट बिअरचा कमी अल्कोहोलचा, खूप वेळ पीत बसता येईल असा प्रकार, झालं.

आता गंमत बघा, ज्या भाषेत बसण्याला एवढी किंमत तिथली बिअर मात्र माणसाला नीट बसू देत नाही. बिअर शॉपीच्या काउंटरवर प्रश्न एकच, स्ट्राँग का माइल्ड, आणि माइल्ड म्हणणाऱ्याकडं मागचे लोक असं बघतात जसं काय त्यानं मिसळ बिनतिखटाची मागितली. स्ट्राँग म्हणजे सात-आठ टक्के, साडेसहाशे मिलीची बाटली, दुसरी निम्मी होईस्तोवर गप्पांचा सूर बदलतो आणि तिसरीला कुणीतरी रडतं किंवा शाळेतलं जुनं भांडण उकरून काढतं. मीपण त्यातलाच होतो, उगाच सोवळेपणा नको. पण आता सत्तेचाळिशी आली, रात्रीचा हिशोब सकाळी द्यायला लागतो, आणि त्यामुळं मी हळूहळू या तीन-साडेतीन टक्केवाल्यांच्या नादाला लागलो.

हिशोब साधा आहे. इथला पाइंट म्हणजे ५६८ मिली. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएचा एक पाइंट घेतला तर इथल्या मोजमापानं (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) ३.७ युनिट होतात, ३.४ टक्केवाल्याचे दोनसुद्धा होत नाहीत, आणि डॉक्टर लोक आठवड्याला १४च्या वर जाऊ नका म्हणतात. म्हणजे तेवढ्याच पापात जवळजवळ दुप्पट वेळ बसता येतं. (कितीही हलकी असली तरी पिऊन गाडीला हात लावत नाही. इंग्लंडात मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडं ३०, पण माझ्या बायकोची मर्यादा शून्य आहे आणि तीच लागू होते.)

पण नुसती हलकीच प्यायची तर लिंबू सरबत काय वाईट आहे? खरी ओढ वासाची आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, भांगेच्या कुळातलीच, कडूपणा त्यांच्यामुळं येतो आणि वासपण. उकळताना घातली की कडू होतं, आणि बिअर गार झाल्यावर वरून घातली की नुसता वास उतरतो, याला ड्राय हॉपिंग म्हणतात. सिट्रा नावाचं अमेरिकन हॉप आहे, त्याची ताजी बिअर ग्लासात ओतली की मला दरवेळी आंब्याची आढी आठवते, गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांचा तो गरम गोड वास, आणि मोझेक असेल तर त्यात थोडी करवंदं पण. हे सगळं तीन टक्क्यांच्या बिअरमधून येऊ शकतं. नाकाला टक्के कळत नाहीत.

जिभेला मात्र कळतात.

मागच्या सप्टेंबरात तोच मित्र मुलीला युनिव्हर्सिटीत सोडायला इकडं आला, म्हटलं आता बसू. फ्रीजमधून माझी लाडकी तीन टक्केवाली काढली, चकली-शेंगदाणे मांडले. त्यानं ग्लास नाकाशी नेला आणि डोळेच मोठे केले, 'अरे काय वास आहे लेका!' मग एक घोट घेतला, थांबला, परत घेतला आणि म्हणाला, 'फोडणी लय भारी, पण वरण कुठाय?'

मी इतकी वर्षं या बिअरवर काय काय वाचतोय, एवढं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. बिअरचं वरण म्हणजे मॉल्ट, मोड आणून वाळवलेलं, भट्टीत भाजलेलं सातू. ते गरम पाण्यात भिजवलं की गोड पाणी निघतं, यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल होतं. अल्कोहोल कमी हवं म्हणजे साखर कमी, म्हणजे मुळात मॉल्टच कमी घालायचं, आणि मॉल्टबरोबर तो दाटपणा, ती भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी चव पण जाते. वर अल्कोहोलला स्वतःचा एक गोडवा असतो, तोही जातो. मग मोठ्या आयपीएएवढे हॉप्स तसेच यात ओतले की कडूपणाला टेकायला काही राहत नाही, जिभेच्या कडेला जास्त उकळलेल्या बिनदुधाच्या चहासारखं तुरट लागत राहतं.

यावर इलाज आहेत, आणि ते थेट स्वयंपाकघरातले आहेत. पाहुणे वाढले की आई आमटीत तांब्याभर पाणी ओतायची आणि मग ते कळू नये म्हणून बेसन कालवून लावायची, नाहीतर दाण्याचं कूट. बिअरवाले ओट्स घालतात, गहू घालतात. शिवाय मॉल्ट भिजवायचं पाणी नेहमीच्या ६५-६६ अंशांऐवजी ६९-७०पर्यंत नेतात, त्यानं अशा जातीची साखर जास्त सुटते जी यीस्टला खाता येत नाही, ती तशीच मागं राहते आणि बिअर जरा भरल्यासारखी लागते. पण हॉप्सच्या अंगात स्वतःची थोडी एन्झाइम्स असतात, ड्राय हॉपिंगला ढीगभर घातले की ती हीच राखून ठेवलेली साखर फोडतात, यीस्ट परत जागं होतं आणि उरलंसुरलं खाऊन टाकतं. म्हणजे वासासाठी ज्याला बोलवलं त्यानंच घरातला दाटपणा खाल्ला. याला ते लोक हॉप क्रीप म्हणतात, आपल्याकडं यासाठी जावयाच्या म्हणी आहेत.

दुसरी तक्रार पैशाची. मित्रानं कॅनची किंमत विचारली आणि मी सांगितल्यावर तो जरा वेळ गप्पच बसला. टक्के निम्मे, दाम तेच. कारण हॉप्स महाग आणि ते तेवढेच लागतात, भाडं-मजुरी तीच, मॉल्टमध्ये वाचणारे पैसे किरकोळ. सरकारनं मात्र मदत केलीय, ऑगस्ट २०२३पासून इथं ३.५ टक्क्यांच्या खालच्या बिअरला शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागं ९.२७ पाउंड ड्यूटी लागली आणि त्याच्या वरच्या कॅन-बाटल्यांना २१.०१. त्यानंतर दुकानांत ३.४ टक्केवाल्या बिअर जरा जास्तच दिसायला लागल्या, आणि मला वाटतं त्यातल्या काही प्यायला नाही, हिशोबाला बनवल्यात. आणखी एक, ही बिअर शिळी झाली की लपायला जागा नसते. एकदा सुपरमार्केटात स्वस्तात मिळाले म्हणून चार कॅन आणले, तारीख बघितली नाही, आणि आंब्याच्या जागी जुन्या वहीच्या पानांचा वास. चूक माझीच. अर्ध्या टक्केवाल्या तर मी सोडूनच दिल्यात, बहुतेकांत मला हॉप घातलेली पेज लागते.

मग तरी मी हिच्या मागं का? याचं उत्तर मला होळीला सापडलं. पुरण घातलं होतं, डाळ शिजवून वरचं पाणी काढलं, त्या कटाची आमटी केली, आणि पहिल्या भुरक्याला डोक्यात लाइट लागला. कटाची आमटी पातळच असते. ती पातळ म्हणून कुणी नाक मुरडत नाही, उलट दाट झाली तर चुकली म्हणतात. जुन्या इंग्लंडात स्मॉल बिअर अगदी अशीच व्हायची. मॉल्टवरचं पहिलं दाट पाणी काढून त्याची तगडी बिअर करायची, मग त्याच धान्यावर परत गरम पाणी ओतून जे फिकं निघेल त्याची रोज घरात प्यायची हलकी बिअर. पुरण आणि कट, दुसरं काय. आता बहुतेक ठिकाणी तसं दुसऱ्या पाण्यावर करत नाहीत, पण स्वभाव तोच असावा ना. ज्या हलक्या बिअर फसतात त्या पुरणाचं सोंग आणतात, आयपीए म्हणून मिरवतात. जमतात त्या सरळ कट असतात. लंडनच्या बर्मंडसीत रेल्वेच्या कमानींखाली द कर्नेल नावाची ब्रुअरी २००९पासून आहे, त्यांच्या टेबल बिअरवर टेबल बिअर एवढंच लिहिलेलं असतं, टक्के तीनच्या आसपास आणि बॅचगणिक थोडे इकडंतिकडं. आयपीए असा शब्दच नाही, त्यामुळं कुणी वरण मागत नाही.

अर्थात आयपीए नावाचं सोवळं तरी किती पाळायचं? आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, यातला 'आय' म्हणजे आपणच. पूर्व लंडनमधल्या बो भागात हॉजसनची ब्रुअरी होती, तिथली पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी जायची. सहा-साडेसहा टक्क्यांची असायची, त्या काळच्या मानानं फार कडक नाहीच. पुढं महायुद्धात धान्याची टंचाई आणि कर यांनी इथल्या सगळ्याच बिअर पातळ झाल्या, आणि सफकमधल्या ग्रीन किंगची आयपीए तर कित्येक वर्षं ३.६ टक्क्यांची होती, दर्दी लोकांनी तिच्या नावानं कितीही बोटं मोडली तरी. तिकडं पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी निघाली तिचं नाव डूलाली, म्हणजे आपल्या नाशकाजवळच्या देवळालीचा गोऱ्या सोल्जरांनी केलेला चुथडा. देवळालीच्या कॅम्पात जहाजाची वाट बघत बसून बसून डोकं फिरायचं म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडा. तिथंपण शेवटी बसणंच आलं.

असो. त्या रात्री मित्रानं तक्रार करत करत चार कॅन संपवले. स्ट्राँगच्या दिवसांत एवढ्यात तो शाळेच्या भांडणापर्यंत पोचला असता, यावेळी पावणेदोनपर्यंत त्याच्या द्राक्षबागेचं, अवकाळीचं, मुलीच्या फीचं सगळं सरळ वाक्यांत बोलणं झालं आणि कुणी रडलं नाही, खरं तर रडण्यासारखं बरंच होतं. सकाळी सातला तो माझ्या आधी उठून पोह्यांसाठी कांदा चिरत होता.

संध्याकाळी मुलीला सोडून आला, बूट काढले, सोफ्यावर पसरला आणि किचनकडं बघत म्हणाला, 'ते तुझं बिनवरणाचं शिल्लक आहे का रे?'