कापूस वेचणीत धरलेली कंबर आणि पंपाने आखडलेली मान

वेचणी सुरू झाली की घरोघरी कंबर धरलेली माणसं दिसू लागतात. कुणी पायाळू माणसाची लाथ घेतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं, कुणी पट्टा बांधून आठवडाभर बाजेवर पडतं. यातलं पडून राहणंच सगळ्यात महागात पडतं. विश्रांती एक-दोन दिवस पुरे. त्यापुढे पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं.

दिवसभर वाकून मणक्यांमधल्या गादीवर पुढच्या बाजूने दाब येतो. तिचा मऊ भाग मागे सरकू पाहतो, आणि पायात उतरणारी नस तिथेच असते. म्हणून बहुतेकांना उलट्या दिशेचा व्यायाम मानवतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

सतरंजी जमिनीवर टाका, झोळ पडलेल्या बाजेवर हे जमत नाही. २-३ मिनिटं नुसतं पालथं पडा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, पुन्हा २-३ मिनिटं. एवढं सोसलं तरच तळहात खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती वर न्या आणि खाली या. असं १० वेळा, दिवसातून ४-५ दा. जोर हातांचा, कंबर आणि ढुंगण सैल. बहुतेक जण ढुंगण आवळतात, मग मणका वळतच नाही.

आता दुखणं कुठे सरकतं ते बघा, सगळा निर्णय त्यावर आहे. पोटरीतली कळ मांडीत, मग कंबरेत गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त ठणकली तरी व्यायाम लागू पडतोय. कळ खाली उतरू लागली तर लगेच थांबा. चालताना पाय भरून येतात आणि वाकून बसलं की बरं वाटतं, अशा म्हाताऱ्या माणसांनी हा व्यायाम करू नये. त्यांनी उताणं पडून गुडघे छातीशी घ्यावेत.

वावरात अर्ध्या तासाने उभं राहून, हात कंबरेवर ठेवून ५ वेळा मागे वाका. कमरेला बांधलेली कापसाची ओटी ३-४ किलोची झाली की रिकामी करा. पोटापुढे लोंबणारं वजन पाठीलाच ओढावं लागतं.

मानेचं मूळ बरेचदा फवारणीत असतं. १६ लिटरच्या पंपात पाणीच १६ किलो. तो जमिनीवरून एका खांद्यावर झटक्याने घेतला की मान आखडते. पंप बंडीवर ठेवून भरा, तिथेच पाठ लावून दोन्ही पट्टे चढवा, पट्टे सारखे ओढा. संध्याकाळी ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा, ५ सेकंद धरा, १० वेळा. मान वर-खाली होऊ देऊ नका. हाताला मुंग्या वाढल्या तर थांबा. मान कडकडा मोडून मात्र कुणाकडूनही घेऊ नका, मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते.

लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना किंवा चालताना चप्पल निसटू लागली, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चाल अडखळू लागली, तर मानेतला मज्जारज्जू दबलेला असू शकतो. त्यालाही उशीर नको. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मालिश-व्यायाम दोन्ही बंद करून मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. खोकला नसला, थुंकीत काही निघालं नाही, तरी मणक्यात टीबी असू शकतो, हे तपासणाऱ्यालाही आवर्जून सांगा.