एकच हाड मोडलंय?

"एकच हाड मोडलंय ना डॉक्टर, मग प्लास्टर पुरे की!" होटगी रोडवर गाडीवरून पडलेल्या पेशंटचा भाऊ आज म्हणाला. एक्स-रेवर अल्ना (कोपराखालच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं) मोडलेली स्पष्ट होती, पण फिल्म कोपराच्या आधीच संपत होती.

अल्ना एकटीच मोडलेली दिसली, की रेडियसचं, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाचं, डोकं कोपराच्या सांध्यात आहे का, हे बघायलाच हवं. रेडियसच्या दांड्यातून काढलेली रेषा प्रत्येक एक्स-रेत कॅपिटेलमच्या (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोल भाग) मध्यातून गेली पाहिजे. नाही गेली, तर ते माँटेजिया फ्रॅक्चर. मिलानच्या माँटेजियांनी 1814 साली वर्णन केलेलं, आणि आजही निसटणारं!

लहान मुलांत बऱ्याचदा प्लास्टरवर भागतं. मोठ्यांत नाही, प्लास्टरच्या आत हाड सरकतं आणि सांधा पुन्हा निखळतो. अल्ना 3.5 मिमीच्या प्लेटने मूळ लांबीत, मूळ बाकासह बसवली, की रेडियसचं डोकं बहुधा आपोआप जागेवर येतं. नाही आलं, तर आधी अल्नाच तपासा. थोडासा वाकडेपणाही पुरतो. ती बरोबर असेल, तरच सांध्यात लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) अडकलंय का ते पाहायचं.

रेडियसचं डोकं किंवा कोरोनॉइडही (अल्नाचं कोपरातलं पुढचं टोक) फुटलं असेल, तर कोपर आखडण्याची भीती जास्त. मग तळहात वर वळत नाही, पेठेत सुटे पैसे घेतानाही अडतं. म्हणून फिक्सेशन पक्कं असेल तर हालचाल लवकर सुरू करायची, मालिश मात्र अजिबात नको.

आणि अंगठा, बोटं सरळ वर उचलता येतात का, हे ऑपरेशनआधी कुणी पाहून लिहून ठेवलंय का? ती उचलणारी नर्व्ह (मज्जातंतू) दबलेली असली तरी ती बहुतेकदा काही आठवड्यांत सावरते.