टोळीतली नॉकबॅकवाली ॲमेझॉन: माझा अनुभव

डायब्लो २ रिझरेक्टेड या गेममध्ये तिरंदाज ॲमेझॉन घेऊन चौघांत खेळायचं, आणि तेही शत्रूला मागे ढकलणारं नॉकबॅक लावून, तर आधी बोलणी खायची तयारी ठेवा. गेल्या पावसाळ्यात मी ती पोटभर खाल्ली. "ताई, नॉकबॅक काढ" हे हेडफोनमधून ऐकून ऐकून कान किटले. तरी मी ते सोडलं नाही, आणि आज आमच्या टोळीत ते काढायला कुणी सांगत नाही. ज्यांना असंच गप्प बसवलं जातंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमची टोळी घरचीच. मी ठाण्यात नौपाड्याला, धाकटा भाऊ आणि भावजय खारघरला, मावसभाऊ घोडबंदर रोडला. भाऊ हॅमरवाला पॅलडिन, भावजय ब्लिझर्डवाली सॉर्सरेस, मावसभाऊ व्हर्लविंडवाला बार्बेरियन. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकडून मी घरी येते, जेवणं आटपतात, ओटा आवरून होतो, मग चौघं गेममध्ये. मूळ डायब्लो २ आला २००० साली, तेव्हा आम्ही भावंडं तो सायबर कॅफेत लॅनवर खेळायचो. त्याच्या २०२१च्या नव्या आवृत्तीत, रिझरेक्टेडमध्ये, लॅनची सोयच ठेवलेली नाही. म्हणजे दिवाळीत चौघं एका हॉलमध्ये बसलो तरी इंटरनेट लागतंच. ते दुःख वेगळं.

नॉर्मल आणि नाइटमेअर कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. गेले. खरी गोष्ट हेल या तिसऱ्या, सगळ्यात कठीण डिफिकल्टीपासून सुरू होते.

नॉकबॅक म्हणजे बाण लागला की मॉन्स्टर मागे ढकलला जातो, आणि तेवढ्यात त्याचा उगारलेला वारही फुकट जातो. लहानखुरे मॉन्स्टर पटकन सरकतात, धिप्पाड त्यामानाने कमी वेळा, आणि ॲक्टच्या (गेमच्या एकेका भागाच्या) शेवटचे बॉस तर जागचे हलत नाहीत. ॲमेझॉनच्या अंगावर चिलखत बेताचंच, म्हणून अंतर हेच तिचं संरक्षण. काऊ लेव्हलमध्ये मल्टिपल शॉट (एकदम अनेक बाण) सोडला की परशू घेऊन धावत येणाऱ्या गाईंची अख्खी रांग मागे जाते, पुन्हा येते, पुन्हा मागे जाते. ड्युरन्स ऑफ हेटमधल्या त्या स्टिजियन बाहुल्या मरताना फुटतात आणि जवळ असलेल्याला घेऊन जातात. नॉकबॅक असेल तर त्या लांबच फुटतात. हे दोन्ही एकदा अनुभवलं की नॉकबॅकशिवाय खेळणं नको वाटतं.

पण अडलं ते थ्रोन ऑफ डिस्ट्रक्शनमध्ये.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाचव्या ॲक्टच्या शेवटी बाल सिंहासनापाशी उभा असतो आणि एकामागून एक पाच वेव्ह सोडतो. प्रत्येक वेव्हच्या आधी हसतो. चालू वेव्हमधला शेवटचा मॉन्स्टर मरेपर्यंत पुढची वेव्ह येत नाही. सगळी भांडणं या एका नियमातून झाली. एक मॉन्स्टर जरी कोपऱ्यात राहिला तरी चौघांनी ताटकळायचं, आणि तो कोपऱ्यात कुणामुळे गेला याचं उत्तर भावाकडे तयार.

पहिली वेव्ह कोलेन्झोची. फॉलन आणि त्यांचे शमन. शमन मेलेल्या फॉलनना उठवत बसतो. दुसरी अकमेलची, त्यात ममीसारखे अनरॅव्हलर सांगाड्यांना पुन्हा उभे करतात. म्हणजे या दोन्ही वेव्हमध्ये उठवणारे जर बाजूला गेले, तर मेलेलं सैन्य परत हजर. हेलमध्ये चौघं खेळत असताना मॉन्स्टरचं लाइफ एकट्याने खेळण्याच्या अडीच पट होतं, कारण प्रत्येक जादा खेळाडूमागे ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. तेव्हा तेच तेच फॉलन पुन्हा मारणं म्हणजे नुसता वेळकाढूपणा.

एकदा एक शमन दाराकडच्या खांबामागे जाऊन बसला आणि तिथून शांतपणे फॉलन उठवत राहिला. भाऊ मधोमध हॅमर फिरवतोय, समोर कुणी नाही. भावजयीचं ब्लिझर्ड रिकाम्या फरशीवर पडतंय. ती बिचारी मोठ्या नणंदेला काय बोलणार! "ताई, तुम्ही जरा थांबता का?" एवढंच म्हणाली. मावसभाऊ मात्र फाडफाड बोलला, "अगं, मी व्हर्लविंड मारतो तिथे कुणी उभंच नसतं. तू आहेस तर मी कशाला आहे?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हॅमर पॅलडिनभोवती गोल गोल फिरत बाहेर जातात, जवळच्यांना हमखास लागतात, लांब गेलेला बऱ्याचदा निसटतो. ब्लिझर्ड एका ठिकाणी काही सेकंद पडत राहतं. व्हर्लविंड एका रेषेत जातो. या तिघांनाही मॉन्स्टर जागच्या जागी हवा असतो, आणि नॉकबॅक त्याला नेमकं तिथून हलवतं. अनोळखी लोकांच्या गेममध्ये तर मला सरळ "नो केबी" (म्हणजे नॉकबॅक नको) लिहून यायचं, आणि मी दुर्लक्ष केलं की लोक निघून जायचे.

पण माझंही एक म्हणणं होतं. फॉलन स्वतःच पळतात. शेजारचा मेला की उरलेले घाबरून दाही दिशांना धावतात, हा त्यांचा स्वभावच आहे. पुढच्या वेव्हला मी हाताची घडी घालून बसले, एकही बाण सोडला नाही. फॉलन तरीही पांगले. एक तर माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. "आता बोल," म्हटलं भावाला. तो गप्प. माझ्या माथ्यावर मारलेली निम्मी पांगापांग मुळात माझी नव्हतीच, आणि हे तिघांनाही दिसलं याचं मला मनापासून समाधान आहे.

उरलेल्या निम्म्या पांगापांगीचं उत्तर पुढच्या रविवारी सापडलं. भाऊ-भावजय ठाण्याला आले होते, आम्ही मिसळ खायला गेलो. बिलाच्या मागे मी थ्रोनची खोली काढली. वर सिंहासन, खाली दार, दोन्हीकडे खांब, मधे वेव्ह पडते ती जागा. मग प्रत्येकाला म्हटलं, तू कुठे उभा असतोस तिथे फुली मार. माझी आणि भावाची फुली शेजारी शेजारी होती! म्हणजे माझा प्रत्येक बाण मॉन्स्टरला त्याच्यापासून लांब नेत होता. नॉकबॅक नेहमी मारणाऱ्याच्या उलट दिशेला ढकलतं. कॅरममध्ये सोंगटी कुठे जाणार हे स्ट्रायकर कुठून येतो त्यावर ठरतं, तसंच. भावजयीने पेन घेतलं आणि माझी फुली उचलून समोरच्या बाजूला नेली. वेव्ह मधे, पलीकडे भाऊ, अलीकडे मी, तिघं एका रेषेत. आता माझा बाण मॉन्स्टरला भावाच्या हॅमरमध्येच नेऊन घालतो.

तेव्हापासून ज्याला त्याला मी पहिलं हेच सांगते: बाण कुणाला मारायचा त्याआधी कुठून मारायचा ते ठरवा. टोळीतला जवळून लढणारा आणि तुम्ही, यांच्यामध्ये शत्रू आला पाहिजे. ते जमत नसेल तर शत्रूच्या मागे भिंत तरी हवी. मागे जायला जागाच नसेल तर तो सरकत नाही, आणि त्याचा वार मात्र थांबतो. डिकॉय, म्हणजे ॲमेझॉनची नकली प्रतिमा, तीसुद्धा मोकळ्यावर टाकू नका, भिंतीला लागून टाका. मॉन्स्टर तिच्याभोवती गोळा होतात आणि भिंतीमुळे तिथेच राहतात.

दुसरी गोष्ट, आणि खरं तर ही आधी सांगायला हवी होती: नॉकबॅक हातमोज्यांत ठेवू नका, धनुष्यात ठेवा. जुने जाणकार सगळे क्लेग्लॉज पिन्सर्स घाला म्हणतात, आणि ते मोजे उत्तमच आहेत. चौथ्या लेव्हलला घालता येतात, नॉकबॅक आहे, शिवाय शत्रूचा वेग पंचवीस टक्क्यांनी कमी करतात. एकट्याने खेळताना मी आजही तेच घालते. टोळीत मात्र अडचण अशी की ते चालू-बंद करता येत नाहीत. धनुष्याचं तसं नाही. डब्ल्यू दाबलं की दुसरं हत्यार हातात. एका बाजूला नॉकबॅकचं धनुष्य, दुसऱ्या बाजूला साधं, जोरदार मार देणारं. मोजे मग अटॅक स्पीडचे घालता येतात.

नॉकबॅकचं धनुष्य म्हटलं की सगळे विंडफोर्सचं नाव घेतात. ते मिळणं नशिबाचा भाग, आणि मिळालं तरी लेव्हल ७३ आणि डेक्स्टेरिटी १६७ हवी. क्लिफकिलर त्यामानाने लवकर हाती येतं. पण गरिबाघरचा उपाय म्हणजे नेफ रून, हत्यारातल्या खाचेत (सॉकेटमध्ये) बसवायचा खडा. कुठल्याही हत्यारात नेफ बसवला की त्यात नॉकबॅक येतं. नॉर्मलमध्ये काउंटेस या मॉन्स्टरकडे मिळतो, नाहीतर तीन टिर रून क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवी बनवायच्या पेटीत) घातले की एक नेफ. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे मेलडी हा रूनवर्ड, म्हणजे ठरलेले रून ठरलेल्या क्रमाने बसवून बनणारं हत्यार: शाएल, को, नेफ, याच क्रमाने, बरोबर तीन सॉकेट असलेल्या धनुष्यात. ॲमेझॉनला धनुष्याच्या सगळ्या स्किल्स तीनने वाढतात, डॉज (वार चुकवणं) आणि स्लो मिसाइल्स (शत्रूने लांबून सोडलेला मारा संथ करणं) याही तीनने वाढतात, आणि नॉकबॅक आहेच. मार बेताचा आहे. चालतं, कारण मार द्यायला दुसरं धनुष्य आहे. याचं काम फक्त ढकलायचं. माझ्याकडचा को नाइटमेअरच्या हेलफोर्ज या कामगिरीतून निघाला होता.

आता आमचं थ्रोनमध्ये असं चालतं. पहिल्या दोन वेव्हना माझ्या हातात साधं धनुष्य, आणि गायडेड ॲरो आधी शमनवर, मग अनरॅव्हलरवर. बाकीच्यांकडे बघायचंही नाही. लांबून मारणारे आणि उठवणारे यांना ढकलून उपयोग नाही, त्यांना लांबच राहायचं असतं. भावजयीने ब्लिझर्ड टाकलं की ते संपेपर्यंत नॉकबॅक बंद. तिच्या थंडीने मेलेला फुटला की प्रेतच उरत नाही, म्हणजे उठवायलाही काही राहत नाही. बार्टकची तिसरी वेव्ह भाऊ जवळजवळ एकटाच उरकतो. चौथी व्हेंटरची आणि पाचवी लिस्टरची, यात धिप्पाड मंडळी अंगावर चालून येतात. इथे मी डब्ल्यू दाबते, आधी डिकॉय टाकते, आणि भावजयीकडे जो धावेल त्याच्यावर बाण. ते दर बाणाला हलत नाहीत, म्हणून नुसत्या नॉकबॅकच्या भरवशावर राहू नका, डिकॉय हवीच. पण एखादा जरी ऐनवेळी मागे गेला तरी तिला टेलिपोर्ट मारून निसटायला सवड मिळते. मागच्या आठवड्यात असाच एक तिच्यापासून वीतभर अंतरावर हात उगारून उभा होता, बाण लागला, हात खाली आला आणि तो दोन पावलं मागे. "ताई, वाचवलंत," म्हणाली. मावसभाऊ काही बोलला नाही, पण त्यानंतर वेव्ह पडायच्या आधी तो स्वतःच विचारतो, तू कुठल्या बाजूला आहेस म्हणून.

सुचतील तशा आणखी काही गोष्टी. हत्यार बदलता तेव्हा दुसऱ्या बाजूलाही बाणांचा भाता लावलेला हवा. एकाच बाजूला लावून लोक विचारतात धनुष्य चालत का नाही. स्ट्रेफ (एकामागून एक अनेक शत्रूंवर बाण) सुरू झाला की मधे थांबवता येत नाही, आणि तो समोर दिसेल त्या सगळ्यांना ढकलतो, तेव्हा मेलडी हातात असताना स्ट्रेफ नको. स्लो मिसाइल्समध्ये एक पॉइंट घालाच, लांबून वीज फेकणारे आत्मे नावाचे मॉन्स्टर असतात, त्यांच्या विजेपुढे नॉकबॅक काही कामाचं नाही. मर्सिनरी (भाडोत्री सोबती) दुसऱ्या ॲक्टमधला, नाइटमेअरचा डिफेन्सिव्ह घ्या, त्याच्याकडे होली फ्रीझ असतं. ढकललेले मॉन्स्टर थंडीमुळे परत यायला वेळ लावतात. स्किल्स चुकल्या असं वाटलं तर डेन ऑफ ईव्हिल ही पहिली कामगिरी पूर्ण केल्यावर आकारा ही गेममधली बाई प्रत्येक डिफिकल्टीत एकदा सगळे पॉइंट परत देते.

मेलडीसाठी धनुष्य घेताना नाव राखाडी रंगात आहे ना ते बघा. निळं किंवा पिवळं नाव असेल तर त्यात कितीही सॉकेट असली तरी रूनवर्ड होत नाही. सॉकेट नसलेलं साधं धनुष्य असेल तर राल, आम्न आणि परफेक्ट ॲमेथिस्ट त्याच्यासोबत क्यूबमध्ये घाला. सॉकेट किती पडतील ते हातात नाही, म्हणून दोन-तीन धनुष्यं बाजूला जमवून मगच बसा.