येळ्ळूरच्या कुंपणांवरचा घोयरा सरडा

बेळगाव जिल्ह्यात घोयरा सरडा, म्हणजेच रंग बदलणारा शॅमेलिऑन, पाहायचा म्हटले की बहुतेकांना आधी भीमगडचे अरण्य आठवते. आमचे मत मात्र असे की, त्याचा शोध दाट, ओल्या जंगलापेक्षा शेताकडेच्या जुन्या, झुडपाळ कुंपणांत घ्यावा. म्हणून पाऊस ओसरल्यावर आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडाखालचे शिवार निवडले आणि तिथल्या एका काकांना विचारून त्यांच्या बांधावर संध्याकाळी उतरलो.

दिवसा हा प्राणी पानांत सहसा नजरेस पडत नाही. रात्री मात्र झोपेत त्याचा रंग फिकट पडत असल्याने बॅटरीच्या झोतात तो चटकन उठून दिसतो. निर्गुडीच्या फांदीच्या टोकाशी शेपटीची गुंडाळी करून झोपलेला एक घोयरा आम्हाला असाच सापडला. त्याच्या पायाची बोटे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन अशी जुळलेली असतात, त्यामुळे फांदीवरची पकड सांडशीसारखी घट्ट बसते. सकाळी पुन्हा गेलो तेव्हा त्याचा एक डोळा आमच्यावर होता आणि दुसरा नाकतोड्यावर. परिसराशी एकरूप होण्यासाठीच तो रंग बदलतो, ही समजूत अपुरी आहे; ऊन, प्रकाश, भीती आणि प्रतिस्पर्ध्याची चाहूल यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते. जागतिक पातळीवर ती संकटग्रस्त मानलेली नाही, पण शिवारातले चित्र वेगळे आहे: निर्गुडी आणि शेराची कुंपणे तोडून तारा ओढल्या जात आहेत, आणि तारेवर ना किडे, ना आडोसा. त्यातच अंडी घालण्यासाठी मादीला झाडावरून उतरून जमीन उकरावी लागते, आणि अशा वेळी तिची संथ चाल रस्त्यावर जिवावर बेतते. तो विषारी असल्याचा समजही त्याच्या मुळावर येतो; वास्तविक तो फुगतो, फुसकारतो, क्वचित चावतो, पण विष त्याला मुळीच नाही.

जाणाऱ्यांनी शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि घोणस-मण्यारीचा विचार करून पायात उंच बूट घालावेत. झोपलेल्या सरड्यावर झोत रोखून धरू नये. त्याला हाताळणे किंवा घरी आणणे तर नकोच, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. छायाचित्र टाकताना नेमका बांध सांगू नये. शहरातून येळ्ळूरला बस आहे, तरी रात्रीच्या फेरीसाठी स्वतःचे वाहन बरे. फक्त शिवारातल्या रस्त्यावर ते सावकाश हाकावे.