पिंग येतंय, पण रिमोट लागत नाही

आमच्या कॉम्प्युटर-नेटवर्क सांभाळायच्या लाइनमध्ये महिन्याच्या २० तारखेला शहाणा माणूस सुट्टी टाकत नाही, कारण त्या दिवशी जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नची शेवटची तारीख असते आणि ज्याचं जे काही बंद पडायचं असतं ते नेमकं तेव्हाच पडतं. भोसरी एमआयडीसीतला एक क्लायंट आहे, फॅब्रिकेशनवाले. त्यांचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर, आणि अकाउंटंट मॅडम राहतात सांगलीला, घरूनच व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा खासगी रस्ता) जोडतात आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन आपल्याकडे उघडून, काम करतात. सकाळीच शेठचा फोन, "व्हीपीएन लागतंय म्हणे, पण पुढे काहीच होत नाही, आणि आमचे धाकटे पण तापाने घरीच पडलेत, त्यांचंही लागत नाहीये, तुम्ही लगेच या."

पोचेपर्यंत तिथे सगळ्यांनी निदान करून ठेवलं होतं की फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारा पहारेकरी, बंद करा. शेठ म्हणे टेंपररी बंद करा, स्टोअरवाला म्हणे त्याच्या मेव्हण्याने राऊटरवर ३३८९ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार इंटरनेटवरून थेट उघडलंय, तर व्हीपीएनची कटकटच नाही. मी म्हटलं, मेव्हण्याला सांगा आजच्या आज काढून टाक. ३३८९ उघडा ठेवला की जगभरातले बॉट पासवर्ड मारत बसतात, आणि २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली तेव्हा तर पासवर्डचीही गरज नव्हती, मायक्रोसॉफ्टला पार एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला होता. आणि टेंपररी बंद केलेली फायरवॉल परत चालू केलेली मी तरी अजून बघितली नाहीये.

मॅडमना फोनवर घेतलं. त्यांच्याकडे लाइट नव्हती म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होत्या. सर्व्हरला, म्हणजे १९२.१६८.१.१० या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) पिंग करायला, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारायला, लावलं तर रिप्लाय व्यवस्थित येत होता, पण पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही पोर्ट तपासायची कमांड ३३८९ वर मारली की सरळ फॉल्स. म्हणजे रस्ता आहे, दार बंद आहे. ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवरून मात्र रिमोट झटक्यात लागत होतं, तेव्हा सर्व्हिस पडलीय वगैरे प्रश्नच नव्हता.

इथे लोक अंदाजाने फायरवॉलचे रूल बनवत सुटतात, आणि मग त्या लिस्टमध्ये टेस्ट, टेस्ट २, न्यू आरडीपी असली पिलावळ साठते. मी आधी विंडोज फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ड्रॉप झालेल्या, म्हणजे अडवून फेकलेल्या पॅकेट्सचं (डेटाच्या तुकड्यांचं) लॉगिंग, म्हणजे नोंद, चालू केलं, ते मुळात बंद असतं, आणि मॅडमना म्हटलं आता परत कनेक्ट करा. पीफायरवॉल डॉट लॉग ही नोंदींची फाइल उघडली, शेवटच्या ओळी बघितल्या. ड्रॉप, टीसीपी, १०.२१२.१३४.२०१ वरून १९२.१६८.१.१० कडे, पोर्ट ३३८९. घ्या. पॅकेट बिचारं सांगलीहून सर्व्हरच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि विंडोजनेच हाकलून दिलं होतं.

आता हा १०.२१२ कुठून आला? तर मागच्या शनिवारी ऑफिसचा जुना फायरवॉल बॉक्स (व्हीपीएनही तोच चालवतो) काढून दुसऱ्या व्हेंडरने नवीन बसवला होता. जुना बॉक्स व्हीपीएनवाल्यांना ऑफिसच्याच रेंजमधला आयपी द्यायचा, १९२.१६८.१.२०० च्या पुढचा. नवीन बॉक्स वेगळी रेंज देतो, जे खरं तर जास्त बरोबर आहे. पण सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपच्या रूलमध्ये स्कोपच्या टॅबला कुणीतरी कधीकाळी लोकल सबनेट टाकून ठेवलं होतं, म्हणजे फक्त ऑफिसच्याच रेंजवाल्यांना आत घ्यायचं. चांगलंच केलं होतं ज्याने केलं त्याने. फक्त जुन्या बॉक्समुळे मॅडम सांगलीत बसूनही सर्व्हरला घरच्या वाटायच्या, नवीन आल्यावर एका रात्रीत परक्या झाल्या. पिंगचा रूल वेगळा, त्याला स्कोपच नव्हता, म्हणून पिंग जात होतं आणि सगळ्यांना वाटत होतं नेटवर्क तर ओके आहे.

रिमोट डेस्कटॉपच्या टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही रूलच्या स्कोपमध्ये नवीन व्हीपीएनची तेवढीच रेंज जोडली, एनी, म्हणजे सगळ्यांना खुलं, वगैरे काही केलं नाही. मॅडम आत. "लागलं हो दादा!" म्हणाल्या आणि फोन ठेवला, कारण उद्यापासून दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर व्याज.

मला वाटलं धाकट्या शेठचंही आता लागेल, तर नाही. आणि गंमत म्हणजे लॉगमध्ये त्यांच्या आयपीची एकही ओळ नाही, ना ड्रॉप ना काही. पण ते म्हणतायत पिंग येतंय! म्हटलं स्क्रीनचा फोटो पाठवा. बघतो तर टाइम ३ मिलिसेकंद, टीटीएल ६४ (पॅकेटवरचा आकडा, वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकने कमी करतो). मॅडमचा टीटीएल १२७ होता. विंडोज १२८ ने उत्तर देतं, मधल्या बॉक्सने एक कमी केला की १२७. हे ६४ म्हणजे विंडोज नाहीच, लिनक्स-अँड्रॉइडवालं काहीतरी, आणि ३ मिलिसेकंदात व्हीपीएनवरून सहसा उत्तर येत नसतं, ते घरातलंच आहे. त्यांच्या घरच्या वायफायची रेंजही १९२.१६८.१ वालीच निघाली, आणि राऊट प्रिंट, म्हणजे लॅपटॉपकडची रस्त्यांची यादी, काढायला लावलं तर सारख्या दोन रस्त्यांत वायफायचा मेट्रिक (कमी असेल तो रस्ता आधी) कमी, म्हणून लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत होता. आजपर्यंत ते कधी घरून कनेक्टच झाले नव्हते, म्हणून हे कळलंही नव्हतं.

मी विचारलं, "स्मार्ट टीव्ही आहे का? जरा बटण बंद करा." बंद केला, रिप्लाय थांबला, आणि मागून त्यांच्या पोरीचं भोकाड ऐकू आलं, कार्टून चालू होतं. म्हणजे धाकटे शेठ सकाळपासून टीव्हीला टॅली मागत होते.

व्हीपीएनच्या बॉक्सवरून अख्ख्या रेंजसोबत एकट्या १९२.१६८.१.१० चा वेगळा रस्ताही त्यांच्या लॅपटॉपकडे ढकलला, जास्त नेमका रस्ता असला की विंडोज तोच धरतं. त्यांनी डिस्कनेक्ट करून परत जोडलं, लागलं. टीव्हीला त्या लॅपटॉपवरून आता काही पाठवता येणार नाही व्हीपीएन चालू असताना, पण त्याची तक्रार कोण करणार.

खरा इलाज म्हणजे ऑफिसचीच रेंज बदलायची, कारण उद्या तिसरा कुणीतरी घरून बसला की अशीच काहीतरी भानगड होणार. शेठना सांगितलंय, दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणाले. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळ्यांना हाताने आयपी टाकलेत ते बदलावे लागतील, आणि गेटवरच्या पंचिंग मशीनचा ॲडमिन पासवर्ड कुणालाच माहीत नाहीये, तो शोधायचं काम स्टोअरवाल्याच्या मेव्हण्याला दिलंय.