तान्हा पोळा आणि एक किलोचं जाकीट

दरवर्षी तान्ह्या पोळ्याला डफडं वाजलं की आमचं ऑटिस्टिक पोट्टं कानावर हात ठेवून कोठीमागं जाऊन बसते. आज मारुतीच्या पारापर्यंत आला. लाकडी नंदी ओढत!

अंगात मी शिवलेलं जाकीट होतं. ह्यांच्या जुन्या जीन्सचं, आतून आठ कप्पे. आधी तूर भरली होती, तिला सोंडे लागले. आता धुतलेली बारीक गिट्टी, दुहेरी शिवणीत. पोरगा 20 किलोचा, जाकीट 1 किलोचं. थेरपिस्ट मॅडमनं सांगितलं होतं, वजन एवढंच, वीसेक मिनिटं घालायचं, अन् त्याला स्वतःला काढता आलं पाहिजे. सगळ्याच ऑटिस्टिक लेकरांना लागू पडत नाही, संशोधनातही ठाम काही निघालं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे आज चाललं. उकाडा मात्र बेक्कार.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, ओझं टाकतं लेकराच्या अंगावर? बैल हाय का तो?"

मला हसू आलं. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन बाई स्वतः ऑटिस्टिक. खोड्यात दाबलेली गुरं शांत होतात हे पाहून 1960च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी अंग दाबणारं यंत्र बनवलं. अंगावर सारखा दाब, जाकिटामागचा विचारही तोच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग बराबर हाय."

पारावर तो दहा मिनिटं थांबला. बोजारा, म्हणजे नंदी आणणाऱ्या पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, घेतला नाही, कुणाकडं पाहिलंही नाही. नंदीचं चाक फिरवत राहिला.

घरी येऊन जाकीट स्वतःच काढलं अन् नंदीच्या पाठीवर घातलं. नंदी आडवा झाला.